शिंपल्याचें रक्त व रोगजंतु

आपल्या सभासदांपैकीं बरेच जण ठाणें, कळवें, दिवें, डोंबिवली, कल्याण व भिवंडी या बाजूचे खातेदार असून त्यांच्यापैकीं कित्येकांच्या जमिनीचा एखादा तुकडा तरी खाडीच्या बांधाला लागून आहे. सात-बाराच्या उताऱ्यांत असा तुकडा कोठें खार, कोठें खाजण, तर कोठें नुसता पोटखराबा म्हणून दाखविलेला असतो. महसूल खात्याची कारकुनी करतांना प्रस्तुत लेखकानें हे शब्द किती वेळां लिहिले याची गणति नाहीं. अलीकडे या तुकड्यांत खाडीचें पाणी घेऊन कोळंबी अगर खेकडे वाढवावे असें पुष्कळांच्या मनांत येतें. विचार चांगला आहे. परंतु त्याबरोबर दोन प्रश्न हटकून निघतात. पहिला, कोंबड्यांस राणीखेत रोगाची लस देतात तशी कोळंबीला देतां येईल काय? दुसरा, "कोळंबीची प्रतिकारशक्ति वाढविणारी" म्हणून जी भुकटी डब्यांतून विकतात तिच्यावर पैसे घालावे काय? या दोन्ही प्रश्नांचें उत्तर त्या प्राण्यांच्या रक्तांत आहे. म्हणून प्रथम त्या रक्ताची ओळख करून घेणें जरूर आहे.

तिसऱ्या, खुबे, कालवें, शिनाणे हे दोन शिंपांचे प्राणी आणि कोळंबी, चिंबोरी हे कवचाचे प्राणी, यांस आपण बाजारांत एकाच पाटींत पाहत असलों तरी त्यांचीं कुळें निराळीं आहेत. तरी रक्ताच्या बाबतींत त्यांच्यांत एक मोठें साम्य आहे. आपलें रक्त नळ्यांतून वाहतें व पुनः नळ्यांतूनच परत येतें. यांचें तसें नाहीं. हृदयांतून निघालेलें रक्त थोडें अंतर नळीनें जाऊन मग शरीरांतील मोकळ्या पोकळ्यांत पसरतें आणि सर्व अवयव त्यांत बुडून राहतात. भाताच्या खाचरांत पाटाचें पाणी सोडावें, तसाच हा प्रकार होय. रक्ताचा रंगहि आपल्यासारखा नसतो. तिसरीचें अगर कालवाचें रक्त जवळजवळ पाण्यासारखें असतें, व म्हणूनच शिंपला फोडणाऱ्याला तें रक्त आहे हें कळत नाहीं. चिंबोरीच्या रक्तांत लोहाच्या ऐवजीं तांबें असलेलें द्रव्य असतें, त्यामुळें तें हवेंत निळसर दिसतें. शिंपल्यांच्या कांहीं थोड्या जाती मात्र अशा आहेत कीं, त्यांचें रक्त आपल्यासारखें तांबडें असतें.

या पातळ रक्तांत पेशी तरंगत असतात. एका मिलिलीटरांत त्या लाखांनीं मोजाव्या लागतात. आपल्या रक्तांतील तांबड्या पेशी प्राणवायु वाहतात, पण बहुतेक शिंपल्यांत तें काम पेशींकडे नसतेंच. त्यांच्या पेशी आपल्या पांढऱ्या पेशींच्या जातीच्या आहेत. कांहींच्या पोटांत बारीक दाणे असतात, कांहींच्या नसतात. दाणेदार पेशी जंतु मारण्यांत अधिक तरबेज असतात. यांखेरीज या पेशींकडे इतरहि कामें आहेत. त्या आंतड्याच्या भिंतींतून आरपार जातात व अन्नाचे कण उचलून आणतात. शिंप तुटली असतां ती सांधण्यासाठीं चुनखडीचे स्फटिक या पेशीच वाहून नेतात, असें कालवांवरील प्रयोगांत २००४ सालीं दिसून आलें. एकाच माणसानें शिपाई, हमाल व गवंडी व्हावें, असा हा कारभार आहे.

आतां यांच्यावर प्रसंग कोणता असतो तें पाहूं. समुद्राच्या एका मिलिलीटर पाण्यांत सुमारें दहा लाख सूक्ष्मजंतु असतात. त्यांतील बहुतेक निरुपद्रवी असतात. परंतु शिंपला पाणी गाळूनच आपलें पोट भरतो, आणि मोठें कालव अनुकूल स्थितींत तासाला कित्येक लिटर पाणी गाळतें. म्हणजे जितकें अन्न तितकेच जंतु हा हिशेब झाला. गांवाची वेस सदैव उघडी आणि पहारा मात्र आंत, अशी त्याची अवस्था आहे.

हा पहारा कसा चालतो याचा शोध शिंपल्यासारख्याच क्षुद्र प्राण्यांवरून लागला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. हेकेल नांवाच्या जर्मन पंडितानें समुद्रांतील एका गोगलगाईच्या शरीरांत निळीचे कण घातले, तेव्हां ते कण तिच्या रक्तपेशींच्या आंत जाऊन बसलेले त्यास दिसले. ही हकीकत त्यानें १८६२ सालीं प्रसिद्ध केली, पण तिचा अर्थ त्या वेळीं कोणाच्या फारसा ध्यानांत आला नाहीं. पुढें १८८२ सालीं मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञानें इटलींतील मेसिना येथें तारामाशाच्या पारदर्शक पिल्लांत गुलाबाचे कांटे खुपसले. दुसऱ्या दिवशीं पाहतो तों फिरत्या पेशींनीं त्या कांट्यांना गराडा घातलेला! १८८४ सालीं त्यानें पाण्यांतील एका बारीक कवचधारी किड्यावर याच्या पुढची पायरी दाखविली. रोगकारक बुरशीच्या बीजांना पेशींनीं गिळलें तर किडा वांचे, न गिळलें तर मरे. त्यास १९०८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. मनुष्याच्या रोगप्रतिकाराच्या विद्येचा एक मोठा खांब अशा किड्यामुंग्यांच्या पायावर उभा आहे. हें ऐकून आपल्यापैकीं कोणी हंसतील, पण गोष्ट खरी आहे.

जंतु शरीरांत शिरल्यावर पहिलें काम तो परका आहे हें ओळखण्याचें. पेशीला डोळे नाहींत. ती स्पर्शानें ओळखते. सूक्ष्मजंतूंच्या अंगावरील आवरणांत कांहीं विशिष्ट शर्करायुक्त व चरबीयुक्त द्रव्यें असतात, तशीं शिंपल्याच्या स्वतःच्या शरीरांत कोठेंच नसतात. शिंपल्याच्या रक्तांत विरघळलेलीं कांहीं प्रथिनें या द्रव्यांस चिकटतात आणि जंतूंची गुठळी करतात. मग ती गुठळी पेशीच्या हातीं सहज सांपडते. पेशी आपल्या अंगाचे पातळ पदर पसरते, जंतूला चहूंकडून वेढते आणि एका पिशवींत बंद करून आंत ओढते. पुढें पाचक रसांनीं भरलेल्या दुसऱ्या बारीक पिशव्या त्या पिशवीशीं येऊन मिळतात व जंतु अक्षरशः पचविला जातो. त्याच वेळीं पेशी प्राणवायूपासून तयार झालेलीं अत्यंत जहाल द्रव्यें त्याच्यावर सोडते, आणि जंतूचें आवरण फोडणारीं लहान लहान प्रथिनेंहि कामास येतात. शिनाण्यांत अशा प्रथिनांचे अनेक प्रकार सांपडले आहेत. हें सर्व कांहीं दिवसांचें काम नव्हे. पेशीनें जंतु गिळण्यास मिनिटें पुरतात, आणि साधे जंतु रक्तांतून थोड्या तासांत नाहींसे होतात.

"साधे" हा शब्द मुद्दाम घातला आहे. सर्व जंतु या पेशींपुढें सारखेच दुबळे नसतात. मनुष्याच्या व गुरांच्या आंतड्यांत राहणारा ई. कोलाय नांवाचा जंतु, जो सांडपाण्याबरोबर खाडींत येतो, त्याला शिंपल्याच्या पेशी बहुधा लवकर संपवितात. समुद्रांतच वाढलेले व्हिब्रिओ जातीचे जंतु मात्र या पेशींचे जुने शेजारी आहेत; त्यांना दारें-खिडक्या ठाऊक असतात. फ्रान्सच्या किनाऱ्यावरील कालवांत सांपडलेला एक व्हिब्रिओ तर पेशीला स्वतःस गिळूं देतो आणि तिच्या पिशवींत बसून तेथेंच जिवंत राहतो. ज्या कोठडींत चोराला कोंडावयाचें ती कोठडीच त्यानें घर करावें, असा हा प्रकार आहे. त्याच देशांत २००८ सालापासून कालवांचीं पिलें लाखांनीं मरूं लागलीं. पुष्कळ तपासानंतर २०१८ सालीं असें प्रसिद्ध झालें कीं, प्रथम एक विषाणु रक्तपेशींत शिरून त्यांची शक्ति खच्ची करतो, आणि मग एरव्हीं निमूट राहणारे सूक्ष्मजंतु रक्तांत माजून प्राण्याला मारतात. यांतील मर्म आपल्या कोळंबीच्या तळ्यासहि लागू आहे. मेलेल्या प्राण्यांत जंतु सांपडला म्हणजे मूळ कारण सांपडलेंच असें नव्हे. पहारा आधीं कशानें ढिला पडला हें विचारलें पाहिजे.

कोळंबी व खेकडा यांच्यांत पेशींनीं गिळणें आहेच. पण त्यांचीं आणखी दोन हत्यारें शेतकऱ्याला डोळ्यांनीं पाहतां येतात. चिंबोरीचा आंकडा तुटला तर रक्त भळभळ वाहून ती मरत नाहीं. पेशी फुटून त्यांतील द्रव्यामुळें रक्त त्या जागीं चटकन गोठतें व वाट बंद होते. दुसरें म्हणजे कोळंबीच्या कवचावर पडणारे काळे डाग. जंतूंचा अगर बुरशीचा सुगावा लागतांच रक्तपेशींतून एक द्रव्य बाहेर पडून जखमेवर काळा थर धरतें. आपण आंबा अगर वांगें चिरून ठेवलें असतां तें काळें पडतें, तशाच जातीची ही रासायनिक क्रिया आहे. या थरांत जंतु कोंडले जातात व तो बनत असतां निघणारीं द्रव्यें त्यांना मारकहि असतात. तेव्हां एखाददुसऱ्या कोळंबीवर काळा ठिपका दिसला तर घाबरूं नये. तो लढाई झाल्याचा व्रण आहे. सर्व तळ्यांत ठिपके दिसूं लागले तर मात्र तळाच्या चिखलाकडे पाहावें. नालाच्या आकाराच्या एका समुद्री प्राण्यांत तर रक्त गोठण्याची ही शक्ति इतकी तीव्र आहे कीं, जंतूंच्या आवरणाचा लेश लागतांच तें घट्ट होतें. फ्रेडरिक बँग या अमेरिकन डॉक्टरानें १९५६ सालीं हें नोंदलें. पुढें त्या रक्ताचा अर्क काढून मनुष्यांस टोंचावयाचीं औषधें शुद्ध आहेत कीं नाहींत हें तपासण्याची रीत निघाली, व तिला १९७७ सालीं अमेरिकेच्या सरकारनें मान्यता दिली.

एवढें समजल्यावर लशीच्या प्रश्नाचें उत्तर आपोआप मिळतें. लस म्हणजे शरीराला शत्रूची आगाऊ ओळख. कोंबडीच्या, गाईच्या व आपल्या शरीरांत अशा खास पेशी आहेत कीं, ज्या ती ओळख वर्षानुवर्षें लक्षांत ठेवतात आणि नेमक्या त्याच जंतूविरुद्ध प्रतिद्रव्य तयार करतात. शिंपल्यांत व कोळंबींत या पेशी नाहींत, प्रतिद्रव्यहि नाहीं. त्यांचा पहारेकरी चोर ओळखतो, पण काल आलेल्या चोराचें नांव दफ्तरांत लिहून ठेवीत नाहीं. कांहीं प्रयोगांत मेलेल्या जंतूंशीं आधीं गांठ पडलेल्या कोळंबीस पुढें थोडे दिवस अधिक तग धरतां आला, हें खरें. परंतु हा परिणाम कोंबडीच्या लशीइतका भरंवशाचा व टिकाऊ नाहीं. म्हणून "कोळंबीची लस" म्हणून कोणी बाटली विकूं लागला तर पैसे खिशांतच ठेवावे. आपल्या तालुक्यांत असा एक विक्रेता येऊन गेला. त्याच्याजवळ रंगीत पत्रक होतें, पण लस कशी काम करते या साध्या प्रश्नाला त्याच्यापाशीं उत्तर नव्हतें.

भुकटीचें प्रकरण थोडें निराळें आहे. तिच्यांत बहुधा यीस्ट म्हणजे किण्वाच्या आवरणांतील एक शर्करायुक्त द्रव्य असतें. पेशींना तें जंतूच्या आवरणासारखें वाटतें, त्यामुळें त्या कांहीं काळ जाग्या होतात. यांत फसवणूक नाहीं. पण हा जागेपणा थोड्या दिवसांचा असतो, आणि तें सतत चारल्यास गुण येईनासा होतो असेंहि कांहीं प्रयोगांत दिसलें आहे. रोज रात्रीं "चोर, चोर" म्हणून ओरडल्यास गांव किती दिवस उठेल? बीज सोडतांना अगर ऋतु पालटतांना थोडे दिवस देणें एवढाच तिचा उपयोग समजावा. घाण पाण्यावर ती उतारा नव्हे. १९९४-९५ सालीं पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगानें पूर्व किनाऱ्यावरील कोळंबीचीं तळींच्या तळीं रिकामीं केलीं. तो रोग विषाणूचा. त्यावर औषध तेव्हां नव्हतें व आजहि नाहीं. विषाणूसाठीं तपासलेलें बीज घेणें व बाहेरचे खेकडे तळ्यांत शिरूं न देणें, हीच त्याची वाट आहे.

आतां या पहारेकऱ्यांना दुबळें करणाऱ्या गोष्टींकडे वळूं. पहिली पावसाळा. जूनच्या अखेरीस उल्हास नदी भरून येते आणि कल्याणापासून खालीं खाडीचें खारेपण एकाएकीं उतरतें. समुद्राच्या पाण्यांत हजार भागांस सुमारें ३५ भाग मीठ असतें. मोठ्या पावसांत खाडीच्या वरच्या भागांतील पाणी जवळजवळ गोडें होतें. अशा वेळीं शिंपला शिंपा घट्ट मिटून बसतो व पाणी गाळणें बंद करतो. त्यानें तो वांचतो, परंतु बंद दाराआड प्राणवायु संपतो, रक्तांत आंबटपणा सांचतो आणि पेशींचें काम मंदावतें. कोळंबीला तर दार मिटण्याचीहि सोय नाहीं. खारेपण, उष्णता अगर प्राणवायु यांत एकदम फरक पडला कीं तिच्या रक्तांतील पेशींची संख्या झपाट्यानें उतरते. आणि कात टाकल्यानंतर तिचें नवें कवच मऊ असतें, तेव्हां तर ती सर्वांत उघडी असते. हे दोन प्रसंग एका वेळीं आले म्हणजे व्हिब्रिओला आमंत्रणच.

दुसरी गोष्ट मनुष्यानें केलेली आहे. अंबरनाथ व उल्हासनगर यांची घाण घेऊन वालधुनी कल्याणाजवळ उल्हासेस मिळते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २००९ सालीं देशांतील औद्योगिक क्षेत्रांची जी मोजणी केली, तींत अत्यंत प्रदूषित ठरलेल्या ४३ ठिकाणांत डोंबिवलीचें नांव होतें. ठाण्याच्या खाडीच्या पूर्वतीरावर तर १९६० नंतर कारखान्यांची रांगच उभी राहिली. त्याच खाडींत रोहित पक्षी हजारांनीं उतरतात, तिला २०१५ सालीं अभयारण्य व २०२२ सालीं रामसर स्थळ म्हणून मान मिळाला, हेंहि तितकेंच खरें. पक्षी उडून दुसरीकडे जाऊं शकतो. शिंपला जागचा हलत नाहीं.

जड धातु या पाण्यांतून थेट रक्तपेशींपर्यंत जातात. इंग्लंडांत गेल्या शतकापूर्वीं हिरव्या रंगाचीं कालवें बाजारांत येत, आणि तीं खाऊन लोक आजारी पडतात असा बोभाटा होई. बॉइस व हर्डमन या दोघां शास्त्रज्ञांनीं १८९७ सालीं तपासून दाखविलें कीं, तो हिरवा रंग तांब्याचा असून तें तांबें कालवाच्या रक्तपेशींत भरलेलें असतें. म्हणजे पेशी विषालाहि जंतूसारखीच गिळते व शरीराचा बचाव करूं पाहते. पण विषानें भरलेल्या पेशीकडून जंतु पचविण्याची अपेक्षा किती करावी? पाचक रसांच्या ज्या पिशव्यांचें वर्णन वर केलें, त्यांच्या भिंती विषानें झिरपूं लागतात. युरोपांत याचाच उपयोग करून पाण्याची परीक्षा करतात. शिनाण्याच्या रक्तपेशींना एक तांबडा रंग पाजावयाचा. निरोगी पेशी तो पिशव्यांत बराच वेळ धरून ठेवते, विषारी पाण्यांतील पेशी लवकर गाळून टाकते. आपल्या देशांत कलकत्त्याच्या संशोधकांनीं तळ्यांतील गोड्या पाण्याचा शिंपला घेऊन त्यास सोमलाच्या क्षारांत ठेवलें, तेव्हां त्याच्या पेशींची जंतु गिळण्याची शक्ति घटलेली दिसली. हाच शिंपला आपल्या जिल्ह्यांतील तळ्यांतहि असतो. उल्हासेच्या पाण्याची अशी परीक्षा शिंपल्याच्या पेशींवरून ठिकठिकाणीं व दरवर्षीं व्हावी असें लेखकास वाटतें. नुसत्या बाटलींतील पाण्याची परीक्षा त्या दिवसापुरतीच असते. शिंपला वर्षभराचा दाखला देतो.

खाजणांत तळें करूं इच्छिणाऱ्यानें मग काय करावें? गोव्याच्या खाजणांत भात निघाल्यावर मानशीच्या दारानें पाणी घेऊन कोळंबी धरण्याची रीत फार जुनी आहे, आणि तिच्यांतील मुख्य तत्त्व आजहि बदललेलें नाहीं: बीज विरळ, पाणी खेळतें, तळ कोरडा करून पुनः भरलेला. उन्हाळ्यांत तळ भेगा पडेपर्यंत वाळवावा. कुजक्या अंड्यासारखा वास येणारा काळा चिखल खरवडून बांधाबाहेर टाकावा व वर चुना पसरावा. उघाडीनें पाणी घ्यावयाचें तें भरती पूर्ण चढल्यावर. पहिल्या लोंढ्याबरोबर नाल्याची घाण आंत येते. पहांटे प्राणवायु सर्वांत कमी असतो. एका लिटरांत ४ मिलिग्रॅमच्या खालीं तो जाऊं लागल्यास दाणा कमी करून पाणी हलवावें. जोराचा पाऊस झाल्यास वरचें गोडें पाणी फळ्या काढून वरच्यावर वाहूं द्यावें. प्रतिजैविक औषधें टाकूं नयेत. क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान यांस तर बंदीच आहे, आणि त्यांचा अंश सांपडल्यास परदेशीं गेलेला माल परत येतो. तळें खणण्यापूर्वीं २००५ च्या किनारी मत्स्यसंवर्धनाच्या कायद्याखालीं नोंदणी करून घ्यावी. खारभूमि योजनेच्या बांधाला हात लावावयाचा असल्यास त्या खात्याची परवानगी निराळी लागते. शेजाऱ्याच्या भातांत खारें पाणी झिरपणार नाहीं इतकें अंतर सोडावें. अशा झिरपण्यावरून झालेले तंटे दहा-दहा वर्षें चाललेले लेखकानें दफ्तरांत पाहिले आहेत.

ज्यांना तळें करावयाचें नाहीं, पण ओहोटीला तिसऱ्या वेंचून आणण्याची चाल ज्यांच्या घरीं आहे, त्यांच्यासाठीं दोन शब्द. शिंपले स्वच्छ वाहत्या खाऱ्या पाण्यांत दोन दिवस ठेवले तर ई. कोलायसारखे जंतु बरेचसे निघून जातात. पेशी व पाणी मिळून तें काम करतात. व्हिब्रिओ व काविळीचा विषाणु मात्र त्यानें नीट जात नाहींत, म्हणून शिंपला उघडल्यावर लगेच भांडें न उतरतां आणखी कांहीं मिनिटें सणसणीत उकळी द्यावी. शिजविण्यापूर्वींच ज्याचें तोंड उघडें आहे व टिचकी मारूनहि मिटत नाहीं तो शिंपला फेंकून द्यावा. तो मेलेला असतो व त्याच्या रक्तांत आतां पहाऱ्याला कोणी नसतें. धातूंचें विष उकळून जात नाहीं, याकरितां नाल्याच्या तोंडाजवळचीं व कारखान्यांच्या बाजूचीं कालवें काढूंच नयेत.